दहा टक्क्यांच्या खाली

९ जुलै २०२५, बुधवार. सकाळी ८ वाजून २० मिनिटं.

दुकानाचं शटर अर्धं वर आहे. सेठजी दहाला येतात. चपला काढल्या, खिसे रिकामे केले आणि बेसनाच्या पोत्यांच्या काट्यावर उभा राहिलो. ९६ किलो ४०० ग्रॅम. उतरलो, परत चढलो. तेच. हा काटा रोज मीच पुसतो, तो खोटं सांगत नाही.

काल इंदूरच्या दवाखान्यात काय ठरलं ते आधी लिहून ठेवतो. माझा नंतर घोटाळा होतो.

बाबांचं लिव्हर संपलं आहे. आता औषधाने होणार नाही, बदलावंच लागेल. घरातल्या कोणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा, देणाऱ्याचं परत वाढतं. बाबांचा रक्तगट ओ. आईचा बी, आणि तिला शुगर. म्हणजे चालण्यासारखे, ओ गटाचे, दोघंच, मी आणि अपर्णाताई. ताई भोपाळला बँकेत आहे. अंगाने काडी. पहिल्या दिवसापासून म्हणते आहे, माझं घ्या. भाऊजींचीही ना नाही. ना आहे ती बाबांची.

"लेकीच्या घरचं पाणी नाही प्यायलो मी. लिव्हर घेऊ?"

हे नुसतं बोलणं नाही. ताईच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेले तेव्हा दशम्यांचा डबा आणि थर्मास उज्जैनहून घेऊन गेले होते. दिवसभर तिच्या सोफ्यावर बसून स्वतःचं पाणी प्यायले. आजोबांनी आत्याकडे हेच केलं, त्यांच्या वडिलांनीही हेच केलं असणार.

म्हणून मी. पण माझ्या लिव्हरमध्ये चरबी निघाली. चोवीस टक्के. डॉक्टर म्हणाले, "दस के नीचे लाओ, तब बात करेंगे. छह हफ्ते. उससे ज़्यादा इनके पास नहीं हैं."

बाबांनाही चरबीनेच हे झालं आहे. दारूला जन्मात शिवले नाहीत. तरी नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत लोक एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, विनायकराव घरातल्या घरात घेत असतील.

टॉवर चौकातून मनगटाला बांधायचा बँड घेतला आहे. पावलं मोजतो, नाडी मोजतो, झोप मोजतो. काय खाल्लं ते मोबाइलमध्ये आपण भरायचं. रोज दहा हजार पावलं, पंधराशे कॅलरी. बाकी मोजायचं काम मला येतं. आठ वर्षं या दुकानात शेव तोलत तेच करतो आहे.

१० जुलै, गुरुवार

पावलं १३,६१२!

मला वाटलं होतं पाच-सहा हजार होतील. घरून पायी गेलो आणि आलो, बाकी दिवसभर काउंटरमागेच. उजव्या हाताने शेव उचलायची, पिशवीत ओतायची, काट्यावर ठेवायची, चिमूटभर काढायची किंवा टाकायची. पण दुकानात आपण किती हिंडतो ते आपल्याला कळत नसतं.

भट्टीवर शेव काढणारा विक्रांत म्हणाला, "क्यों पहलवान, तू घड़ी को चला रहा है कि घड़ी तेरे को?"

१४ जुलै, सोमवार

९६ किलो १००.

आज संकष्टी आणि देवाच्या पालखीची सवारी निघते तो सोमवारही. गोपाळ मंदिराकडचे रस्ते बंद. फ्रीगंजातही गिऱ्हाईक असं की मान वर करायला वेळ नाही. १७,९४०.

जेवणाच्या रकान्यात 'उपास' भरायला गेलो तर मोबाइलमध्ये तो शब्दच नाही. शून्य टाकलं. आईने साबुदाण्याची खिचडी केली होती, दोन वाट्या खाल्ली. दुपारी डब्यात बटाट्याचा कीस आणि राजगिऱ्याचे दोन लाडू. चंद्रोदयाला मोदक, एकवीसच्या नैवेद्यातले पाच. पण ते उपास सोडतानाचे. तेही शून्यात धरले, कारण प्रसाद.

१८ जुलै, शुक्रवार

९५ किलो ९००. नऊ दिवसांत अर्धा किलो. बँडच्या हिशोबाने दोन किलो जायला हवे होते.

काटा चुकतो आहे का बघायला पन्नास किलोचं सीलबंद पोतं चढवलं. पन्नास. काटा बरोबर आहे. मी चुकतो आहे. कुठे, ते कळत नाही.

बाबांच्या पोटात पाणी भरलं आहे. पायजम्याची नाडी आई बेंबीच्या खाली बांधून देते. रात्रभर अंग खाजवतात. मला विचारतात, "किती झालं रे?" आणि मी पावलं सांगतो. सोळा हजार म्हटलं की मान हलवतात, परीक्षेत मार्क पडल्यासारखी. तशी मान माझ्यासाठी पूर्वी कधी हलली नव्हती.

२१ जुलै, सोमवार

एकादशी आणि सोमवार. उपास. शून्य.

२३ जुलै, बुधवार

९६ किलो २००.

वाढलं! तीनशे ग्रॅम वाढलं!

दुपारी दुकानाच्या मागे, रिकाम्या डब्यांच्या खोलीत बसून राहिलो. विक्रांत चहा घेऊन आला. बिनसाखरेचा. स्वतःहून.

ठरवलं आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार, तिन्ही दिवस उपास. आईला सांगितलं तर तिचे डोळे भरले. "बाबांसाठी करतो आहेस, देव बघतो आहे." लगेच दाणे भाजायला घेतले तिने.

२६ जुलै, शनिवार. इंदूरहून परत येताना, बसमध्ये.

तेवीस.

अठरा दिवसांनी तेवीस टक्के. डॉक्टर म्हणाले, "एक परसेंट? बेटा, ये तो मशीन का फ़र्क भी हो सकता है." मी मोबाइल पुढे केला, रोजची पावलं दाखवली. त्यांनी बघितली आणि मला आहाराच्या मॅडमकडे पाठवलं.

निहारिका मॅडम. मराठी निघाल्या. माझे सगळे रकाने वाचले, मग बोट ठेवलं.

"हे शून्य काय आहे?"

"उपास."

"उपासाला काय खाल्लंत?"

"उपासाचं."

"म्हणजे काय, श्रीपाद?"

मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. साबुदाणा. दाणे. तूप. बटाटा. राजगिऱ्याचे लाडू. मोदकांपाशी त्यांनी वर बघितलं. बेरीज करून कागद माझ्याकडे फिरवला. दोन हजार तीनशे. "साधं जेवला असतात तर बरं झालं असतं. सगळ्यात जास्त तुम्ही उपासाच्या दिवशी खाता."

मी म्हटलं, "पण उपास आहे ना तो."

"देवाकडे शून्य असेल. लिव्हरकडे नाही."

मग म्हणाल्या, पावलं इतकी कशी? मी काम सांगितलं. म्हणाल्या, करून दाखवा. खुर्चीत बसल्या बसल्या मी शेव उचलली, ओतली, ठेवली. हातात काही नव्हतं. त्यांनी घड्याळ लावलं. एक मिनिट.

बँडवर बावन्न पावलं वाढली. मी खुर्चीतच होतो.

अठरा दिवसांत दोन लाख एकोणसत्तर हजार. त्यातली माझ्या पायांची किती, ते आता कोणीच सांगू शकत नाही.

हे लिहायला नको आहे, पण लिहितो. सांवेरच्या पुढे ताईचा फोन आला. "किती आलं?"

मी म्हटलं, "सोळा."

"अरे वा! म्हणजे उतरतं आहे."

"उतरतं आहे."

ती रजेचा अर्ज भरून बसली आहे. तेवीस म्हटलं असतं तर उद्या सकाळी दारात उभी राहिली असती. मग बाबांशी भांडण, बाबांना त्रास. त्यांना त्रास नको म्हणून खोटं बोललो.

नाही. खरं हे नाही. बारावीला मी दोनदा बसलो, दोन्ही वेळा राहिलो. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ताईने केलं, आईच्या नावाने पैसे भरून, बाबांच्या नकळत. या घरात जे काही झालं ते ताईने केलं. ही एकच गोष्ट अशी होती की ती तिला करता येत नाही आणि मला येते. ती मला सोडवत नाही.

२८ जुलै, सोमवार

९६ किलो ३००.

बँड आता पायात, मोज्याच्या आत. पावलं ४,३१२. हा खरा आकडा.

२९ जुलै, मंगळवार

पहाटे पाचला कोठी रोड. ५,००० पावलांवर पिंढरीत गोळा आला, विजेच्या खांबाला धरून उभा राहिलो. चालायला येणारे काका लोक बाजूने गेले. एकजण म्हणाला, "धीरे-धीरे बेटा, एक दिन में नहीं उतरेगा."

काका, मला बावीस दिवस आहेत.

दिवसअखेर ११,०९०. सगळी पायांची.

१ ऑगस्ट, शुक्रवार

९४ किलो ७००!!

विक्रांत सेठजींशी बोलला. तोलायला तो बसतो, भट्टीवर त्याचा चुलतभाऊ, आणि मी फ्रीगंजातली पार्सलं पोचवतो. पायी. सेठजी म्हणाले, "गाड़ी खड़ी है और छोरा पैदल जा रिया है, लोग कहेंगे सेठ पेट्रोल बचावे." पण जाऊ दिलं.

जेवण दुकानातूनच तोलून नेतो. तांदूळ ४० ग्रॅम. मूग ३०. पोळ्या दोन, प्रत्येकी २८ ग्रॅम कणीक. तेल चमच्याने. आई कणकेच्या गोळीकडे बघत राहते आणि म्हणते, "ही काय पोळी आहे? ही तर पोरांची चांदकी झाली."

२ ऑगस्ट, शनिवार

१६,२००. पायाला फोड.

५ ऑगस्ट, मंगळवार

९३ किलो २००.

एकादशी. आणि मी आमच्या घरात एकादशीला मुगाची आमटी आणि पोळी खाल्ली. आमच्याकडे हे कधी झालं नव्हतं. आईने वाढलं आणि देवघराचा पडदा ओढून घेतला.

बाबा खाटेवरून बघत होते. "आज एकादशी आहे ना?"

"हो."

"आणि पोळी?"

मी मॅडमचा कागद काढला आणि समजावून सांगितलं. खिचडी, दाणे, तूप, बेरीज. सगळं ऐकून घेतलं. मग कागद हातात घेऊन बेरीज बघितली.

"म्हणजे पन्नास वर्षं मी जे केलं, त्यानेच हे झालं म्हणतोस?"

"तसं नाही बाबा. मॅडम माझ्यापुरतं म्हणाल्या."

"माझंच शरीर आहे तुझं," ते म्हणाले. मग आईला हाक मारली, "मंगला, त्याला अजून थोडी आमटी वाढ. नुसतं पाणी दिलं आहेस." आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी आमटी घेतली नाही. तीस ग्रॅम म्हणजे तीस ग्रॅम.

७ ऑगस्ट, गुरुवार

१८,४५०. झोप चार तास दहा मिनिटं. बँड म्हणतो, 'विश्रांती घ्या.'

९ ऑगस्ट, शनिवार. राखी.

९१ किलो ९००.

ताई सकाळच्या गाडीने आली. दारातच थांबली. "अरे, तुझी मान दिसायला लागली!" राखी बांधताना मनगट बघितलं. "घड्याळ कुठे गेलं?" पायात आहे म्हटल्यावर इतकी हसली की आईही हसली. महिनाभरात घरात पहिल्यांदा.

बाबांनी पाकीट दिलं. बोटं पिवळी झाली आहेत, हळद लावल्यासारखी. आत किती आहेत ते बघायला लागू नये म्हणून तिने ते तसंच पर्समध्ये टाकलं.

मग म्हणाली, "फाइल दाखव."

"दवाखान्यात जमा असते."

"रिपोर्टची प्रत तर देतात."

"सोमवारी आणतो."

बँकेत बसते ती. लोक कागद 'उद्या आणतो' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो ते तिला रोज दिसतं. माझ्याकडे बघत राहिली. "सोळाचं आता किती झालं असेल?"

"बारा. कदाचित अकरा."

फाइल माझ्या अंथरुणाच्या घडीत होती. तिच्यापासून चार हातांवर.

जाताना ती बाबांजवळ बसली. "बाबा, अजूनही म्हणते, माझं घ्या. श्रीचा जीव चालला आहे बघा."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं तुझ्यापाशी असू दे. श्रीपाद करतो आहे."

श्रीपाद करतो आहे. हे वाक्य ऐकायला मी सव्वीस वर्षांचा झालो. आणि ऐकलं तेव्हा मी मोरीत जाऊन नळ सोडला.

११ ऑगस्ट, सोमवार

दुकानाच्या पायरीवर डोळ्यांसमोर अंधारी आली. विक्रांतने बसवलं, मूठभर शेव तोंडाशी धरली. मी तोंड मिटून घेतलं. म्हणाला, "मर जाएगा तू, तो फिर बाप को क्या देगा?"

एक केळं खाल्लं. १०५ ग्रॅम, सालाशिवाय.

१३ ऑगस्ट, बुधवार

९० किलो १००. पस्तीस दिवसांत सहा किलो तीनशे. खरं तर सोळाच दिवसांत. आधीचे एकोणीस वाया गेले.

वीस तारखेला स्कॅन आहे. सात दिवस. ऐंशीच्या घरात गेलो की बहुतेक होईल. होईल.

१४ ऑगस्ट, गुरुवार. इंदूर, दवाखान्याचा चौथा मजला. दुपारी ४ वाजून ३५ मिनिटं.

सकाळी बाबा आरशासमोर उभे राहून दात घासायची पेस्ट गालांना लावत होते, दाढीच्या साबणासारखी. मला म्हणाले, "दादा, ऑफिसला उशीर होतो आहे." त्यांच्या मोठ्या भावाला ते दादा म्हणत. तो जाऊन अकरा वर्षं झाली. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. असं बोलायला लागले की थांबायचं नाही, शरीरातलं विष डोक्यात चढतं.

गाडी करून आणलं. सांवेरपर्यंत आईचं नाव घेत होते. पुढे तेही बंद झालं.

डॉक्टरांनी माझं स्कॅन आजच केलं. मी मशीनमध्ये पडून श्वास धरायचा तेव्हा धरला, सोडायचा तेव्हा सोडला. कुठेही चूक केली नाही.

तेरा.

"बहुत मेहनत की है तुमने," डॉक्टर म्हणाले. "सच में. लेकिन मैं नहीं लूँगा. तुम्हारी जान का सवाल है, और इनको अब बड़ा टुकड़ा चाहिए."

मी म्हटलं, पाच दिवस द्या. पाच दिवसांत तीन टक्के काढतो. काही खाणार नाही.

दवाखान्यात या सगळ्याची व्यवस्था बघणारे शैलेंद्र सर माझ्याशेजारी उभे होते. खांद्यावर हात ठेवला. "भैया, पाँच दिन तुम्हारे पास हैं. इनके पास हैं क्या?"

मग विचारलं, "घर में और कोई?"

आईने माझ्याकडे बघितलं. एवढी वर्षं बाबांच्या शब्दापुढे ती गेलेली नाही, आणि बाबा तर आत डोळे मिटून पडले होते.

मी बाहेर पडलो आणि चालायला लागलो. कॉरिडॉरच्या या टोकाला लिफ्ट, त्या टोकाला औषधांची खिडकी. एकशे बारा पावलं. परत एकशे बारा. कशासाठी ते मला माहीत नव्हतं. चाललं की उतरतं, एवढंच माहीत होतं. चौकीदार म्हणाला, बैठ जाओ भाई. ६,००० झाली तेव्हा थांबलो. खिडकीपाशी. फोन लावला.

"ताई, मी खोटं बोललो. सोळा नव्हते. तेवीस होते."

"कधी?"

"सव्वीस जुलैला. आज तेरा आले. घेत नाहीत. बाबा बेशुद्ध आहेत."

मग मोजल्यासारखी म्हणाली, "एकोणीस दिवस, श्री."

मी "हो" म्हटलं.

"आईला फोन दे. सही तिची लागेल." आणि मग, "मी निघते आहे."

१५ ऑगस्ट, शुक्रवार

ताईचा रिपोर्ट. तीन टक्के.

तीन. ती रोज बँकेत लिफ्टने जाते आणि संध्याकाळी समोसा खाते.

१६ ऑगस्ट, शनिवार

दान मंजूर करणाऱ्या समितीसमोर ताई, आई, भाऊजी आणि मी. त्यांनी ताईला विचारलं, तुमच्यावर कोणाचा दबाव आहे? ती म्हणाली, "नाही. उलट मला थांबवून ठेवलं होतं." माझ्याकडे बघितलं नाही. कोणाचं नाव घेतलं नाही.

आईने सही केली. सही करायला तिला फार वेळ लागला. पेन खाली ठेवून म्हणाली, "ते उठले आणि मला विचारलं, तर मी काय सांगू?" शैलेंद्र सरांनी कागद उचलला.

बाहेर आल्यावर मी ताईच्या पाया पडायला वाकलो. तिने दंडाला धरून उभं केलं. "नाटकं नकोत. खाल्लंस का काही?"

१८ ऑगस्ट, सोमवार

पहाटे साडेपाचला ताईला आत नेलं. सातला बाबांना. आता दुपारचे तीन.

बँड काढून ठेवला आहे. नाडी सारखी १२० दाखवत होता. ते मला बघवत नव्हतं.

१८ ऑगस्ट, संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटं

दोघंही बाहेर आले. दोघंही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

ताई आज उभी राहिली. पोटावर उशी दाबून चार पावलं चालली. मी मोजली.

म्हणाली, "तू इतकं चाललास, मला चार पावलांत घाम आला." मग छताकडे बघत, "तेवीसच सांगितलं असतंस तरी बाबांनी मला हो म्हटलं नसतं. ते मला माहीत आहे. पण मला सांगायला हवं होतंस."

"हो."

"मी एकदा तरी नीट भांडले असते त्यांच्याशी."

२४ ऑगस्ट, रविवार

बाबा आज नीट बोलले. आम्हाला मास्क लावून आत सोडलं. ताई व्हीलचेअरवर, त्यांच्या डोक्याच्या बाजूला, त्यांना दिसत नव्हती. बाबांनी माझा हात घेतला, मनगट चाचपलं, मग दंड. डोळे भरले त्यांचे. "केवढा वाळलास रे. फार दुखतं आहे का?"

मला कळायला वेळ लागला. लिव्हर माझंच आहे असं ते धरून चालले होते. मग आईकडे बघितलं. ती पदराशी चाळा करत होती. मग ताईकडे. तिचा एक हात टाक्यांवर होता. तिने मान हलवली. तसंच राहू दे.

मी म्हटलं, "नाही बाबा. दुखत नाही."

आजपर्यंतचा खर्च: १८,७२,४०० रुपये. बाबांची एफडी मोडून ९,५०,०००. आईच्या बांगड्या २,४०,०००. देणे: सेठजी ६०,०००. अपर्णाताई ६,२२,४००. बाबांना दाखवायच्या यादीत या शेवटच्या रकमेपुढे 'श्रीपादने उभे केले' असं लिहायला ताईने सांगितलं आहे. लिहिलं.